सरूमावशींनी राखलेलं घर

सरूमावशींनी मला खोली दाखवायच्या आधी घराची अडचण सांगितली. लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत माझी नुकतीच नेमणूक झाली होती. मी लहानपणीच विधवा झालेली, ट्रेनिंग कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली, आणि एकट्या बाईला खोली द्यायला कुणी चटकन तयार होत नव्हतं. शाळेच्या शिपायानं स्टेशनच्या पलीकडचं हे घर सुचवलं. काळ्या दगडाचा चौथरा, वर मंगळुरी कौलं, पुढं लांब पडवी आणि कडेला पेरूचं झाड. पडवीत एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई तांदूळ निवडत बसली होती. मला बघून ती उठली.

"खोली दावते, पर आदी एक ऐका," ती म्हणाली. "घर गहाण हाय. हप्ते थकल्यात. उद्या कोर्टानं लिलाव केला तर तुमाला दुसरीकडं बिऱ्हाड करावं लागंल. मागनं कळायला नगं, म्हून आत्ताच सांगते."

तोवर मला बऱ्याच घरमालकांनी खोल्या दाखवल्या होत्या. कुणी गळकं कौल लपवलं होतं, कुणी शेजारचा गोठा. अशा बाईच्या घरात राहायला हरकत नाही असं मला वाटलं, आणि त्याच संध्याकाळी मी ट्रंक आणून टाकली.

मावशी नाणे मावळातल्या. घरची भातशेती, भाऊबंद भरपूर. लग्न होऊन त्या लोणावळ्याला आल्या ते रेल्वेच्या ड्रायव्हरची बायको म्हणून. त्यांचे यजमान गणपतराव, ज्यांना सगळी आळी भाऊ म्हणे, घाटात गाड्यांना मागून जोर देणारं इंजिन चालवत. या इंजिनावरच्या कमाईतून आणि तळेगावच्या एका वकिलांकडून घेतलेल्या कर्जातून भाऊंनी ते घर बांधलं होतं. चौथऱ्याचा दगडन्‌दगड त्यांनी स्वतः निवडलेला. कर्जापोटी घर वकिलांकडे गहाण होतं आणि हप्ते बिनचूक जात होते. मग घाटात विजेची इंजिनं आली. कोळशाच्या इंजिनांवरची माणसं कमी झाली, त्यात भाऊंचं नाव निघालं. हाती आले ते पैसे मुलीच्या लग्नात आणि घरखर्चात संपले, आणि हप्ते थांबले. दरम्यान वकील वारले आणि गहाणाचा हक्क त्यांच्या पत्नीकडे, माईंकडे आला. व्यवहार बघत होता माईंचा पुतण्या, वामनराव.

हे सगळं मला मावशींनीच टप्प्याटप्प्यानं सांगितलं, भाकरी थापता थापता. त्या सांगताना रडल्या नाहीत. उलट मधेच काही आठवून हसायच्या. हसताना त्या तोंडावर हात न ठेवता डोळ्यांवर ठेवत. हे मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, पण घरात आलेला कुठलाही कागद त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घेत. एकदा मी एक नोटीस वाचून दाखवली. त्यांनी मान डोलावली आणि कागद घडी करून कमरेला खोचला.

"आता टेसनावरच्या पार्सलबाबूकडनं वाचून घेते," त्या म्हणाल्या.

"का हो मावशी, माझ्या वाचण्यावर विश्वास नाही?"

"तसं न्हाई मास्तरीणबाई. एकानं वाचलं की त्यात वाचणाऱ्याचं मन येतंय. तुमाला माझी दया येती, तवा तुमी वाईट तेवढं हळू वाचता. पार्सलबाबूला माझं काय बी वाटत न्हाई."

मला ओशाळल्यासारखं झालं, कारण ते खरं होतं.

हप्ते थांबल्यावर मावशींनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे पुढच्या तिन्ही खोल्या रिकाम्या केल्या. नवराबायको स्वयंपाकघरात आणि मागच्या पडवीत राहायला गेली. एक खोली मला मिळाली, एक तारऑफिसातल्या कारकुनाला, आणि सगळ्यात मोठी खोली मुंबईहून हवा पालटायला येणाऱ्यांसाठी ठेवली. भाऊंना हे फार लागलं. आपल्याच पुढच्या दारानं परकी माणसं जातायेताना बघून ते मागच्या दारानं ये-जा करू लागले. पुढं वामनरावांचा माणूस वसुलीला यायला लागला, तशी ती सवय पक्की झाली. पडवीत माणूस उभा राहिला की भाऊ मागच्या मागं निघायचे, चालत खंडाळ्याला जायचे आणि घाटाच्या कठड्यावर बसून विजेचं इंजिन गाडी ओढत वर येताना बघत राहायचे. मावशी मात्र त्या माणसाला बसवायच्या, पाणी द्यायच्या आणि म्हणायच्या, "आज न्हाईत. न्हाईत म्हनून तुमच्या मालकाला नीट सांगा. घरात कुणी नव्हतं असं सांगू नगा. मी हाय."

शेवटी समन्स आलं. थकलेल्या पैशांसाठी घराचा लिलाव व्हावा, असा दावा वडगावच्या कोर्टात माईंच्या नावानं दाखल झाला होता. मी वाचलं, पार्सलबाबूंनी वाचलं. मावशी थोडा वेळ पेरूच्या झाडाखाली उभ्या राहिल्या आणि मग माझ्या दाराशी आल्या.

"तुमची सुट्टी कवा हाय? तळेगावला जायाचं. ज्या बाईचं देनं हाय तिला मी अजून बघितलंच न्हाई. हे बरं न्हवं."

आम्ही दोघी तळेगावला गेलो. वामनराव ओटीवरच भेटले. नीटनेटका, तरुण माणूस, आवाजही वरचा नाही. "आता जे काय ते कोर्टात," ते म्हणाले. मावशींनी माईंना भेटायचंय म्हटलं तर म्हणाले, "काकू कुणाला भेटत नाहीत. त्यांना त्यातलं काही कळत नाही."

"मग बसते हितं. त्यांचं काम आटपंस्तोवर," असं म्हणून मावशी पायरीवर बसल्या. मी शेजारी बसले. वामनराव घुटमळले आणि काही कामानं बाहेर गेले. थोड्या वेळानं लाल आलवणातली एक कृश म्हातारी अंगणात आली आणि वाळत घातलेली चिंच घेऊन फोडायला बसली. मावशी उठल्या, जरा अंतर ठेवून खाली बसल्या आणि चिंचोके काढू लागल्या. माईंनी दोनतीनदा वर पाहिलं.

"तुम्ही कोण?"

"लोनावळ्याच्या ड्रायव्हरची बायकू. तुमच्याकडं आमचं घर हाय."

माईंचा हात थांबला. "वामन तर म्हणाला, तुम्ही लोक दार लावून बसता. पैसे मागायला गेलं की घरात कुणी नसतं."

"मालक मागच्या दारानं जात्यात, हे खरं हाय. त्यांना लाज वाटती. पर मी कुटं गेली न्हाई, माई. तुमच्या मानसाला इचारा. दर खेपेला पानी मीच दिलंय."

माईंनी पुन्हा चिंच फोडायला घेतली. मग चिंचेकडे बघतच म्हणाल्या, "माझी चूल त्या व्याजावर आहे हो. आमचे हे गेल्यापासून दुसरं काही येत नाही. तुम्ही द्यायचं थांबवलंत, तशी मला दळणसुद्धा वामनला विचारून आणावं लागतं."

मावशींचा त्या क्षणीचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांनी हातातली चिंच खाली ठेवली. "हे मला ठावं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुमी मोठ्या सावकार असाल असं वाटलं हुतं. आपलं देनं ऱ्हायलं तरी तिकडं काय अडत नसंल, असं मनात धरून बसलो आमी."

त्यानंतर त्यांनी जे मागितलं ते अगदी थोडं होतं. सूट नको, व्याज सोडायला नको. तीन खोल्यांचं भाडं येतं ते दर महिन्याला जसंच्या तसं आणून देईन, उन्हाळ्यात जास्त येईल ते जास्त देईन, फक्त घर विकू नका. माई म्हणाल्या, दावा आता लावलाय, त्याचं वामन बघतो. निघताना मात्र त्यांनी विचारलं, "पैसे खरंच दर महिन्याला आणाल?"

"आनीन. पर तुमच्या हातात दीन. दुसऱ्या कुनाच्या न्हाई."

तेव्हापासून मावशींची तळेगावची फेरी सुरू झाली. माई पैसे घ्यायच्या आणि लगेच आपल्या हातानं पावती लिहायच्या. पावती लोणावळ्यात दोन माणसांकडून वाचून घेतली जायची. दोघी बायका मग थोडा वेळ काही तरी निवडत, सोलत बसायच्या. कधी माईंचा निरोप माझ्याकडे यायचा, "मास्तरीणबाईंना म्हणावं, वाचायला काही असलं तर पाठवा." वामनरावांना हे आवडत नव्हतं. त्यांच्या मनात दुसरा बेत असल्याचं पुढं कळलं. स्टेशनाजवळचं ते घर घेऊन तिथं मुंबईकरांसाठी हॉटेल काढायला एक गिऱ्हाईक त्यांच्याकडे तयार होतं. म्हणून दावा पुढं सरकतच होता.

याच सुमारास भाऊंचे एक चुलतभाऊ आले, कामशेतचे, तालेवार आणि गोडबोले. त्यांचा तोडगा असा, की भाऊंनी घराचं खरेदीखत त्यांच्या नावानं करून द्यावं, ते माईंची बाकी भागवतील, भाऊंनी आहे तिथंच राहावं आणि हाती पैसे आले की घर परत घ्यावं. कागद तयार करूनच आणला होता. भाऊंच्या चेहऱ्यावर किती तरी महिन्यांनी रंग आला. त्यांनी सही करण्यासाठी चष्मासुद्धा पुसून घेतला.

"वाईच थांबा," मावशी म्हणाल्या आणि पार्सलबाबूंना बोलावणं धाडलं. त्यांनी कागद भराभर वाचला, ठीक आहे म्हणाले. मग माझी पाळी आली. मी सावकाश वाचला. खरेदीचं सगळं होतं. परत देण्याबद्दल एक शब्द नव्हता.

"भावजी," मावशी म्हणाल्या, "माघारी द्यायचं ह्यात कुटं हाय?"

"वहिनी, घरातल्या माणसांत त्याचा कागद कशाला?"

"मग ह्यो तरी कशाला?"

चुलतभाऊ हसले, भाऊंकडे बघून हसले, आणि कागदाची घडी करू लागले. चहा न घेताच गेले. ते गेल्यावर भाऊ मावशींवर असे संतापले, की तारऑफिसातला कारकून दार लावून बसला. "माज्या हातानं बांधलं, माज्या हातानं जाऊ दे," ते म्हणत होते. "निदान घरातल्या मानसाकडं जात हुतं." मावशींनी त्यांना बोलू दिलं. शेवटी म्हणाल्या, "तुमच्या हाताला काम न्हाई, त्यात घराचा काय गुन्हा हाय?" भाऊ चष्मा खाली ठेवून मागच्या दारानं निघून गेले.

कोर्टाची तारीख आली त्या दिवशी सकाळी भाऊ घरात नव्हते. गहाणखत त्यांच्या नावावर, सही त्यांची, त्यांनीच उभं राहायला हवं होतं. मावशींनी मला स्टेशनवर थांबायला सांगितलं. भाडेकरू म्हणून मी बरोबर असावं, भाडं किती आणि कुठं जातं ते सांगता यावं, एवढ्यासाठी मी रजा काढली होती. स्वतः त्या टांगा करून खंडाळ्याला गेल्या. कठड्यावर काय बोलणं झालं ते त्या दोघांनाच ठाऊक. गाडी यायच्या जरा आधी दोघं फलाटावर आली. भाऊंनी जुना रेल्वेचा कोट घातला होता. मावशी तो घरून हातावर टाकून घेऊन गेल्या होत्या.

वडगावच्या कोर्टात आमचा पुकारा झाला. वामनरावांचे वकील म्हणाले, हे कुटुंब तोंड चुकवणारं आहे, वारंवार माणूस पाठवूनही भेटत नाही, मुदत देण्यात अर्थ नाही. जज्जसाहेबांनी भाऊंना विचारलं, "कर्ज कबूल आहे?"

भाऊंनी दोन्ही हातांनी कठडा धरला. "कबूल हाय साहेब. मी तोंड चुकवीत हुतो, ते बी कबूल हाय. माजी बायकू चुकवीत नव्हती. तिनं दर महिन्याला पैसं पोचवलं."

मावशींनी पावत्या पुढं केल्या. जज्जसाहेबांनी त्या चाळल्या आणि विचारलं, बाकीचे पैसे हप्त्यांनी घ्यायला वादीची तयारी आहे का. वकिलांनी वामनरावांकडे बघितलं. वामनरावांनी मान हलवली. "वादीची तयारी नाही," वकील म्हणाले.

तेवढ्यात मागच्या बाकाजवळ हालचाल झाली. लाल आलवणातली ती म्हातारी भिंतीच्या आधारानं उभी राहत होती. ती केव्हा आली, कुणाबरोबर आली, आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"वादी मी आहे," माई म्हणाल्या. "कागदावर नाव माझं आहे. मला घर नको आहे. घर घेऊन मी काय करू? मला महिन्याचे पैसे हवेत, आणि ते ही बाई आणून देते."

वामनराव उठून काही सांगू लागले. जज्जसाहेबांनी त्यांना बसायला सांगितलं आणि माईंना पुढं बोलावलं. तडजोडीचा हुकूमनामा झाला. दर महिन्याला हप्ता, आणि लागोपाठ दोन हप्ते चुकले तर लिलाव. बाहेर आल्यावर माई एकट्याच झाडाखाली उभ्या होत्या. पुतण्या निघून गेला होता. मावशी त्यांच्याजवळ गेल्या. त्या म्हणाल्या, "जेवलात का?"

"नाही गं."

"मग चला, घरी पोचवते," मावशी म्हणाल्या, आणि भाऊंना माझ्याबरोबर लोणावळ्याला धाडून त्या माईंना घेऊन तळेगावला गेल्या.

लिलावाची टांगती तलवार त्यानंतरही डोक्यावर होतीच. एका पावसाळ्यात पाहुण्यांची खोली रिकामीच राहिली आणि एक हप्ता चुकला. त्या महिन्यात मावशींनी खंडाळ्याच्या बंगल्यांवर जाऊन गाद्या उसवून कापूस पिंजून दिला, बंद बंगल्यांना हवा दाखवायचं काम घेतलं, आणि पुढचा हप्ता वेळेवर पोचवला. घरातला बदल मात्र भाऊंच्या बाजूनं झाला, आणि तो कुणी ठरवून केलेला नव्हता. पाहुण्यांना आंघोळीला गरम पाणी लागायचं आणि ते कधी वेळेवर मिळायचं नाही. एकदा एक म्हातारं पारशी जोडपं त्यावरून कुरकुरलं. भाऊ मागच्या पडवीतून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी लोखंडी पिंप मिळवलं, विटांची भट्टी रचली, नळी जोडली, आणि अंगणात एक प्रचंड बंब उभा केला. पहाटे उठून ते त्यात कोळसा असा मारू लागले, जसा घाटात मारत होते. पाणी उकळलं की पुढच्या पडवीत येऊन खणखणीत आवाजात सांगायचे, "पानी तयार." पुढच्या पडवीत, हे मावशींनी मला मुद्दाम दाखवलं. पारशीबावा दर उन्हाळ्याला त्या पाण्यासाठीच येऊ लागले. ते भाऊंना ड्रायव्हरसाहेब म्हणायचे, आणि भाऊ त्यांच्या पाठीमागं मिशीत हसायचे.

शेवटचा हप्ता द्यायला मावशी गेल्या तेव्हा मीही बरोबर गेले. माईंची दृष्टी मंदावली होती. त्यांनी गहाणखतावर सगळं पावल्याचं लिहून सही केली. ओळ वाकडी गेली. कागद देताना त्यांनी तो पटकन सोडला नाही.

"आता तू यायची नाहीस, सरू."

"का न्हाई? हितनं तितं तर यायाचं. उलट आता मोकळ्या हातानं यीन, घाई ऱ्हानार न्हाई."

आणि त्या येत राहिल्या. माईंच्या शेवटच्या आजारात वामनरावांनीच मावशींना निरोप धाडला होता. त्या माणसाबद्दल मावशी कधी वाईट बोलल्या नाहीत. "त्याला धंदा करायचा हुता, आमाला घर पायजे हुतं," एवढंच म्हणायच्या.

माझी बदली पुण्याला झाली. लढाईच्या दिवसांत एकदा मी शाळेच्या कामानं मुंबईला निघाले होते. गाडी वडगावला बराच वेळ थांबली. खिडकीतून बघते तर फलाटाच्या टोकाला मावशी. केस पार पांढरे, पाठ तशीच ताठ. त्यांच्याबरोबर एक तरुण जोडपं होतं, बाईच्या कडेवर मूल. तरुणाच्या हातात घडी केलेला कागद होता आणि तो सारखा मागं वळून गाडीकडे बघत होता, जणू अजून तिच्यात चढून माघारी लोणावळ्याला जाता येईल. लोणावळ्यात अडचणीतली माणसं मावशींना बरोबर घेऊन कोर्टात जातात असं मी ऐकलं होतं.

मी हाक मारायला खिडकीची पट्टी वर केली, पण मारली नाही. मावशी त्या तरुणाला काही सांगत होत्या. शब्द ऐकू आले नाहीत. तो आधी मान खाली घालून ऐकत होता, मग एकाएकी हसला. मावशींनी मूल आपल्याकडे घेतलं, त्याचं टोपडं नीट केलं, आणि तिघं गावाच्या रस्त्याला लागली.